बेसातली चटई

नागपुरात मनीषनगरहून बेसाकडे निघालं की दोन्ही बाजूंना फ्लॅट स्कीमचे फलक सुरू होतात. क्षेत्रफळाचा आकडा ठळक, पण तो कशाचा, हे फलक सांगत नाही. सेलेबल, सुपर बिल्टअप, बिल्टअप, कार्पेट. पहिल्या तिन्हींना रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्यात व्याख्याच नाही. पहिल्या दोहोंत जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा किती वाटा ग्राहकाच्या माथी मारायचा, ते बिल्डरची मर्जी ठरवते.

कार्पेट एरियाला व्याख्या आहे. २०१६च्या रेरा कायद्याचे कलम २(के) पाहा. फ्लॅटचे निव्वळ वापरायोग्य क्षेत्र. त्यातून बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, फ्लॅटपुरती बाल्कनी आणि उघडी गच्ची वजा. आतल्या विभाजक भिंती मात्र धरायच्या. आर्किटेक्ट आणि वकील इथे अडखळत नाहीत. भिंत 'वापरायोग्य' कशी, असे ते विचारत नाहीत. तो हिशेबाचा संकेत आहे, एवढे त्यांना पुरते.

बाकीच्यांसाठी मग सोपी व्याख्या येते: घरात चटई अंथरता येईल तेवढी जागा. ही व्याख्या सोपी आहे आणि चूक आहे, तीही दोन्ही बाजूंनी. चटई बाल्कनीत अंथरता येते, पण बाल्कनी मोजायची नसते. भिंतीखाली अंथरता येत नाही, पण आतली भिंत मोजायची असते. परिणामी खोल्याखोल्यांची बेरीज कमी भरली की ग्राहक विनाकारण भांडतो, आणि बाल्कनी धरून आकडा जुळला की खूश होतो. खरा फसतो तो तेव्हाच. त्यात सरकारी मराठीची कृपा अशी, की एफएसआयलाही, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल त्या प्रमाणालाही, 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणायचे. त्या चटईत तर बाहेरच्या भिंतीही येतात!

तज्ज्ञाला व्याख्येत काय धरले, काय वगळले हे हवे असते. घर घेणाऱ्याला टेप कुठे टेकवायची हे हवे असते. त्याची व्याख्या म्हणजे मोजायची रीत: बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत, मधल्या भिंतींसकट, बाल्कनी व शाफ्ट सोडून. करारनामा चौरस मीटरमध्ये आणि सौदा फुटांत, म्हणून १०.७६४ ने गुणायचे. ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४६ चौरस फूट. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात ३ टक्क्यांपर्यंतच्या फरकाला सूट आहे, म्हणजे इथे १९ चौरस फूट. घट त्याहून जास्त असेल तर जादा घेतलेले पैसे व्याजासह परत मागता येतात. टेप नीट धरता आली तरच हा हक्क कामाचा.

बेसा, घोगली, पिपळा भागात मोजमापाचा हा घोळ अधिक जाचतो. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठपर्यंत फ्लॅटांचा प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणात, नोंदवावा लागत नाही. एका प्लॉटवरची तीन मजली स्कीम यात सहज बसते. तिचे क्षेत्रफळ महारेराच्या संकेतस्थळावर सापडणार नाही. ग्राहकाच्या हाती उरतो फक्त करारनामा.

तेव्हा त्या करारनाम्यालाच एक पान जोडणे सक्तीचे करावे. खोलीनिहाय लांबी-रुंदी, आतल्या भिंतींचे क्षेत्र वेगळ्या ओळीत, त्यांची बेरीज, आणि बेरजेच्या खाली, तिच्याबाहेर, बाल्कनी. हे पान नसेल तर दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवू नये.