आप्तांचे रक्त आणि परक्यांचे दान

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याची डोंगरवाडी असो वा जामखेडकडील कोरडवाहू गाव; चेहरा फिकट पडला, चालताना दम लागू लागला, की 'रक्त कमी आहे' असे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेकांना त्या लागूही पडतात. परंतु लाल पेशींबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही घटल्या असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, ताप हटत नसेल, तर दोष आहारात नसून अस्थिमज्जेत असण्याचा संभव असतो. अशा वेळी महिनोन्‌महिने गोळ्यांवर विसंबणे म्हणजे मोलाचा काळ दवडणे होय.

मज्जेचे विकारही एका जातीचे नव्हेत. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात पेशींची निर्मितीच खुंटते. मायलोडिस्प्लास्टिक विकारात मज्जा राबते, पण सदोष पेशी घडवते; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात त्याच्या नावातच अर्बुद हा शब्द आला. पॉलिसायथेमिया व्हेरात उलट लाल पेशींचा अतिरेक होतो आणि रक्त चढविण्याऐवजी काढावे लागते! म्हणूनच मज्जेच्या तपासणीवाचून उपचार ठरत नाहीत.

तीव्र अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या तरुण रुग्णास जुळत्या भावंडाची मज्जा मिळाली, तर तो पूर्ण बरा होऊ शकतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये मज्जा प्रत्यारोपणाचा मार्ग भारतात खुला केला. मात्र सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक.

येथेच आपल्या कुटुंबवत्सल समाजाकडून नकळत एक चूक घडते. रुग्ण दाखल होताच भाऊ, बहीण, आई-वडील रक्त देण्यास धावतात. भावना थोर, परंतु प्रत्यारोपण संभवत असेल तर नात्यातील रक्त टाळावयाचे असते; त्यामुळे रुग्णाचे शरीर त्या रक्ताविरुद्ध सज्ज होते आणि पुढे त्याच भावंडाची मज्जा नाकारू शकते. तेव्हा रक्त हवे ते परक्याचेच.

आणि तेही वारंवार. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. आपली शिबिरे मात्र राष्ट्रीय दिन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस पाहून भरतात. मज्जा बंद पडलेल्या मुलाला तिथी ठाऊक नसते. यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट देणारा निरोगी दाता ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो, वर्षातून २४ वेळांपर्यंत. कार्यकर्त्यांच्या रक्तगटांच्या वहीत आता आणखी एक रकाना आखावा: निरोप मिळताच दोन तासांत रक्तपेढीत कोण पोहोचेल?