जागा उरली तर

व्यापारी घरांतील प्रवास बहुधा आधी ठरतो आणि मग घडतो. तिकिटे दोन-तीन महिने अगोदर काढलेली, सोबतीला नात्यातले कोणीतरी, उतरायला धर्मशाळा किंवा मामेभावाचे घर, जेवायला भोजनशाळा. शिखरजीपासून श्रवणबेळगोळपर्यंत जाऊन आलेल्या माणसांनीही वाटेत एखाद्या परक्याशी दहा वाक्ये बोललेली नसतात, कारण डब्यातील निम्मी माणसे घरचीच असतात. अशा घरातील आई एकटीच, एक हातबॅग घेऊन, जिच्यासाठी जागा नक्की झालेलीच नाही अशा विमानाच्या दारापाशी जाऊन बसणार आहे, असे कळले की घरात आधी काळजी पसरते आणि मग चर्चा सुरू होते.

ही चर्चा आता पुष्कळ घरांत होऊ लागली आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी विमान कंपनीत हिशेब विभागात, संगणक विभागात किंवा देखभालीच्या कामावर असते. अशा कंपन्या कर्मचाऱ्याला, त्याच्या जोडीदाराला, मुलांना आणि अनेक ठिकाणी आईवडिलांनाही सवलतीचा प्रवास देतात. भाडे नाममात्र, कधी तर केवळ कर तेवढे भरायचे. अट एकच असते, आणि ती मोठी असते : पैसे भरून आलेले सर्व प्रवासी बसल्यानंतर जागा उरली तर. याला स्टँडबाय म्हणतात. रेल्वेच्या प्रतीक्षायादीशी त्याची तुलना केली जाते, पण ती पुरती जुळत नाही. रेल्वेच्या यादीतील माणसाने पूर्ण भाडे भरलेले असते आणि तक्ता लागला की त्याचा निकाल कळतो. स्टँडबायवरील प्रवाशाचा निकाल विमानाचे दार बंद होण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात, कधी शेवटच्या पाच मिनिटांत लागतो. जागा मिळाली नाही तर भरपाई नाही, हॉटेल नाही आणि तक्रारही नाही. पुढच्या विमानाच्या यादीत नाव सरकते, इतकेच.

जागा उरते कशी, हे दुकानदाराला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. विमानातील खुर्ची हा भाजीपेक्षाही नाशवंत माल आहे. भाजी संध्याकाळी निम्म्या भावाने तरी जाते. दार बंद झाल्यावर रिकाम्या खुर्चीला कोणताच भाव उरत नाही. म्हणून कंपन्या काही प्रवासी येणारच नाहीत असे धरून असलेल्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात. अंदाज चुकून सगळेच आले की पंचाईत होते. ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये यावर एक व्यापारी तोडगा सुचवला : कोणालाही जबरदस्तीने उतरवू नये; कोण किती मोबदल्यावर आपखुशीने मागे राहील, हे प्रवाशांनाच विचारावे. कंपन्यांनी ती कल्पना हसण्यावारी नेली. पुढे १९७८ च्या सुमारास अमेरिकेच्या नागरी विमान मंडळाने आधी स्वयंसेवक शोधण्याचा नियम केला, आणि आज ती प्रथा सर्वांच्या अंगवळणी पडली आहे.

याच काळात फ्रेडी लेकर या इंग्रज उद्योजकाने नक्की जागा नसलेला प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. परवान्यासाठी सुमारे सहा वर्षे सरकारदरबारी झगडल्यावर २६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांच्या ‘स्कायट्रेन’चे पहिले विमान लंडनजवळील गॅटविकहून न्यूयॉर्कला निघाले. एका बाजूचे भाडे ५९ पौंड. आगाऊ आरक्षण नाही. त्याच दिवशी रांगेत उभे राहायचे, तिकीट घ्यायचे आणि जेवण हवे तर त्याचे वेगळे पैसे मोजायचे. मोठ्या कंपन्यांनाही मग स्वस्त स्टँडबाय भाडी जाहीर करावी लागली. फेब्रुवारी १९८२ मध्ये लेकर यांची कंपनी बुडाली. पैसे देणाऱ्यांसाठीची ती रांग पुढे मोडत गेली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांची रांग मात्र टिकून आहे.

आता जयसिंगपूर किंवा बारामतीसारख्या गावातील एखादी आई डोळ्यांसमोर आणावी. वय साठीच्या पुढे, मुलगा शिकागोत, सून बाळंतपणाला आलेली. दिवाळीचा हंगाम तोंडावर असताना दुकान दोघांनी एकाच वेळी सोडता येत नाही, म्हणून वडील मागे थांबतात. शिवाय एक जागा उरण्याची शक्यता दोन जागा शेजारी-शेजारी उरण्यापेक्षा केव्हाही जास्त. या प्रवासात एकटेपण हा तोटा नसून सोय आहे, ही गोष्ट घरच्यांच्या सहसा उशिरा ध्यानात येते.

यादीतील क्रम कोणाच्या ओळखीने बदलत नाही. आधी कंपनीचे स्वतःचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय, त्यांच्या खाली इतर कंपन्यांचे लोक आणि मित्रांसाठी दिलेल्या सवलतीचे प्रवासी, अशी साधारण उतरंड असते. एका वर्गात कोण पुढे, हे बहुतेक ठिकाणी नोकरीला लागल्याच्या तारखेवरून ठरते. आईचे वय ६५ असले तरी यादीत तिची ज्येष्ठता मुलाच्या नोकरीइतकीच, म्हणजे कदाचित तीन वर्षांची असते. अमेरिकेतील अनेक विमानतळांवर दाराजवळच्या पडद्यावर ही यादी झळकते आणि त्यात आडनावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरे व नावाचे एक अक्षर एवढेच दिसते. तेथे पाटील आणि पटेल एकच होऊन जातात. पडद्यावरचे ‘पॅट’ आपण की समोर बसलेले गुजराती आजोबा, हे कळेपर्यंत दोघांनाही धीर नसतो, आणि पुष्कळदा पहिली ओळख तेथेच होते.

पडद्यावर रिकाम्या जागांचा आकडा दिसला म्हणून त्या सगळ्या जागा मिळतीलच असे नाही. लांब पल्ल्याच्या विमानाला समोरचा वारा जोराचा असेल किंवा धावपट्टीवर ऊन फार असेल, तर वजनाच्या हिशेबात काही खुर्च्या मुद्दाम रिकाम्या ठेवून विमान उडते. आत खुर्च्या मोकळ्या आणि बाहेर माणसे ताटकळलेली, हा प्रकार नवख्याला अन्याय वाटतो. जुने लोक त्यावर काही बोलत नाहीत. ते पुढच्या विमानाची वेळ पाहू लागतात.

हे जुने लोक ओळखता येतात. त्यांच्याकडे मोठी बॅग नसते, कपडे नीटनेटके असतात, आणि ते काउंटरवरील कर्मचाऱ्याला एकदाच भेटून बाजूला बसतात, पण त्याच्या नजरेच्या टप्प्यात. त्यांची आपसांतली बोली आहे. ‘नॉन-रेव्ह’ म्हणजे ज्याच्यापासून कंपनीला उत्पन्न नाही असा प्रवासी. त्यात दुसऱ्या शहरातून विमान उडवून घरी परतणारा गणवेशातला वैमानिक असतो, आजीला भेटायला निघालेली विद्यार्थिनी असते, तीस वर्षे इंजिने दुरुस्त करून निवृत्त झालेला कारागीर आणि त्याची बायको असते. कोणी कोणाच्या गावचा नाही, भाषेचा नाही. तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो : जागा किती दिसतात?

बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला येथे नवल वाटावे असे काही घडते. हे सगळे एकाच मोजक्या मालाचे गिऱ्हाईक असतात. एकाला मिळाले तर दुसऱ्याचे जाते. तरीही माहिती दडवली जात नाही. संध्याकाळचे विमान भरलेले आहे, पण दुसऱ्या शहरावरून जाणाऱ्यात वीस जागा आहेत. मंगळवार-बुधवारी गर्दी कमी असते. पहिल्या विमानाला उभे राहा, म्हणजे ते हुकले तर दिवसभर संधी राहते. नाव पुकारण्याच्या वेळी प्रसाधनगृहात जाऊ नका. हे सारे अनोळखी माणसे एकमेकांना सांगत असतात, मोडक्या इंग्रजीत विचारले तरी सांगतात. शेजारच्या दुकानात माल नसला की गिऱ्हाइकाला बोट दाखवून तिसऱ्या दुकानाकडे पाठवणारे जुने व्यापारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

अवघड वेळ त्यानंतरची असते. दोन तास शेजारी बसून ज्याने हे सगळे शिकवले, त्याचे नाव यादीत खाली असू शकते. जागा एकच उरते, आईचे नाव पुकारले जाते आणि तो माणूस हात हलवून निरोप देतो. किंवा उलट घडते : तो आत जातो आणि ती पुन्हा त्याच खुर्चीवर बसते. पुकारलेली जागा नाकारली तर ती यादीतील पुढच्या माणसाकडे जाते. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे आहे, त्याला ती नाकारण्याची चैन परवडत नाही. आईला कधी कधी परवडते. बाळंतपणाला आठवडा असेल आणि पुढचे विमान तीन तासांनी असेल, तर घरी पोहोचण्यासाठी तळमळणाऱ्या एखाद्या तरुणीला पुढे जाऊ द्यावे की नाही, हे तेथे बसलेल्या आईलाच ठरवू द्यावे. जयसिंगपूरहून फोन करून, ‘आई, आधी बस, बाकीचे नंतर,’ असे सांगणाऱ्यांना तेथील दोन तास दिसलेले नसतात.

जेवणाचा प्रश्न मात्र आधीच सोडवावा लागतो. कंदमूळ नसलेले जैन जेवण विमान कंपन्या देतात. त्याला व्हीजेएमएल असा ठरलेला संकेत आहे. पण ते किमान चोवीस तास, कुठे अठ्ठेचाळीस तास आधी सांगावे लागते, आणि ज्याची जागाच शेवटच्या घटकेला ठरते त्याच्यासाठी ते बहुधा चढवलेले नसते. म्हणून खाकरे, दशम्या, चिवडा, शंकरपाळे बरोबर हवेत. लोणच्याची बरणी, तूप, ओली चटणी हे १०० मिलीलिटरपेक्षा जास्त असेल तर सुरक्षा तपासणीत जाते. मोठी बॅग विमानात सोपवली की ऐनवेळी दुसऱ्या मार्गाने वळता येत नाही, म्हणून ती न्यायचीच नाही. अर्थात लोणचे घरीच राहते. सुनेसाठी केलेले डिंकाचे लाडू तेवढे मावतात, आणि अमेरिकेत उतरताना खाद्यपदार्थ आहेत असे न विसरता सांगावे लागते. डबा उघडला की शेजारी विचारणार, हे काय? दिलेला खाकरा लोक संशयाने तोडतात आणि दुसरा मागून घेतात. पापडासारखा दिसतो पण पापड नव्हे, हे इंग्रजीत समजावून सांगणे अनेक आजींना अजून जमलेले नाही.

रात्री न जेवण्याचा नियम असणाऱ्यांना पश्चिमेकडचा प्रवास वेगळाच पेच टाकतो. ६० अक्षांशाजवळ पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटर वेगाने फिरतो. विमानाचा वेगही ताशी ९०० च्या आसपास. दुपारी युरोपातून निघून त्या बाजूने अमेरिकेकडे जाताना सूर्य खिडकीत जवळजवळ एकाच जागी टांगलेला राहतो. मनगटावर गावची वेळ ठेवली असेल तर मध्यरात्र होत आलेली असते आणि बाहेर लख्ख ऊन असते. परतताना सगळे उलट. रात्र लवकर येते आणि चार-पाच तासांत सरते. कोणत्या गावचा सूर्यास्त धरायचा, हे ज्याने त्याने आपल्या नियमाप्रमाणे निघण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

घरच्यांनी काळजी करायचीच असेल तर ती योग्य गोष्टींची करावी. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदलायचे असेल तर वैध अमेरिकी व्हिसाच्या आधारावर भारतीय प्रवाशाला विमानतळाच्या आतील भागात थांबता येते; शहरात जाऊन हॉटेलात झोपता येत नाही. जागा न मिळाल्यास रात्र खुर्चीवर काढावी लागेल, हे गृहीत धरून औषधे दोन-तीन दिवसांची जास्त आणि शाल हाताशी ठेवावी. एखाद्या वेळी पूर्ण भाड्याचे तिकीट काढून निघावे लागेल, तेवढी रक्कम बाजूला असावी. ती नसेल तर ही सवलत घेऊच नये. नाताळच्या सुट्टीत आणि अमेरिकेतील नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात या वाटेला जाऊ नये. अनोळखी माणसाशी बोलावे, खाणे वाटून घ्यावे. पण त्याची पिशवी सांभाळू नये, त्याने दिलेले पुडके पोहोचवू नये आणि पासपोर्ट काउंटरवरील कर्मचाऱ्याखेरीज कोणाच्या हाती देऊ नये. आणखी एक : काउंटरवर आवाज चढवला तर नोंद मुलाच्या नावावर होते. आईवडिलांच्या वागण्यामुळे मुलाची सवलत बंद होऊ शकते. पत म्हणजे काय, हे या घरांना नव्याने सांगायला नको.

यादी आता फोनवरही दिसते, आणि तेथेच खरी जागरणे सुरू होतात. शिकागोत मुलगा, गावी वडील, पुण्यात मुलगी, सगळे एकाच पडद्यावर नजर लावून बसतात. नाव चौथ्यावरून दुसऱ्यावर आले, पुन्हा तिसऱ्यावर गेले, म्हणजे वरच्या ज्येष्ठतेचा कोणीतरी आला. दर दहा मिनिटांनी आईचा फोन वाजतो. तिच्या बॅटरीची आणि तिच्या गप्पांची दोन्हींची मोडतोड होते. दारापाशी बसलेल्या बाईला काय चालले आहे हे पडद्यापेक्षा लवकर कळते, कारण शेजारचा वैमानिक तिला सांगत असतो. गावी पहाटेचे तीन वाजलेले असतात. अशा वेळी फोन उचलून, ‘दोन नावं पुढं आहेत, इथं सोबत आहे, तुम्ही झोपा आता,’ असे वडिलांना सांगून ती तो पर्समध्ये ठेवून देते.