मेंदूचे टॉनिक हवे आहे? आधी पट मांडा

"डॉक्टर, हल्ली नावे पटकन आठवत नाहीत. मेंदूसाठी एखादे टॉनिक लिहून द्या." साठी ओलांडलेल्या रुग्णांची ही मागणी नेहमीची आहे. दुसरी मागणी आईवडिलांची असते, "मुलाच्या हातातला मोबाईल सुटत नाही, तुम्हीच काहीतरी सांगा." पुष्कळदा या दोन्ही तक्रारी एकाच घरातल्या असतात. आजोबा एका खोलीत टीव्हीसमोर, नातू दुसऱ्या खोलीत मोबाईलसमोर, आणि दोघांच्या मध्ये एक भिंत.

टॉनिकचे आधी सांगतो. विसरभोळेपणा वाढला असेल तर प्रथम तपासणी करून घ्या. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, अपुरी झोप, काही औषधांचे परिणाम अशी उपचार करता येण्याजोगी कारणे त्यामागे असू शकतात. तपासणीत काही सापडले नाही, तर बाजारातल्या रंगीत बाटल्यांवर पैसे घालवू नका. त्याऐवजी घरात एक पट मांडा, असे माझे मत आहे. मत का, तेही सांगतो.

पक्ष्यांचा एक खेळ

उदाहरणासाठी 'विंगस्पॅन' हा खेळ घेऊ. विंगस्पॅन म्हणजे पसरलेल्या पंखांची लांबी. एलिझाबेथ हारग्रेव्ह या अमेरिकन बाईंनी तो तयार केला आणि २०१९ मध्ये तो बाजारात आला. त्याच वर्षी त्याला जर्मनीचा मानाचा 'केनरश्पील' पुरस्कार मिळाला. विशेष म्हणजे हारग्रेव्ह यांचा व्यवसाय आरोग्य धोरणाच्या अभ्यासाचा होता. पक्षीनिरीक्षण हा छंद.

प्रत्येक खेळाडूपुढे तीन अधिवास असतात: जंगल, गवताळ रान आणि पाणथळ जागा. जंगलात खाद्य मिळते, गवतात अंडी घातली जातात, पाणथळीतून नवे पत्ते येतात. मूळ खेळात उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचे १७० पत्ते आहेत. पक्षी काय खातो, घरटे कसले बांधतो, कुठे राहतो, पंख किती सेंटिमीटर पसरतात, हे सारे पत्त्यावर असते आणि खेळात ते उपयोगी पडते. २०२२ मध्ये आलेल्या आशियाई संचात मोर, कोकीळ असे आपल्या ओळखीचे पक्षीही आहेत.

खेळाच्या चार फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत आठ चाली, मग सात, सहा आणि पाच. म्हणजे एकूण २६ चाली. त्यांत खाद्य, अंडी आणि पत्ते यांचा मेळ घालायचा. आत्ता अंडी घालू की आधी खाद्य जमवू? हा पक्षी स्वस्त आहे, पण पुढच्या फेरीत उपयोगी पडेल का? असे विचार करताना लक्ष एकाग्र करणे, चार गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणे, पुढचे ठरवणे आणि बेत फसला तर तो बदलणे, ही मेंदूची कामे होतात. फोनवर फॉरवर्ड वाचताना यातले फारसे काही होत नाही.

आणखी एक गोष्ट मला आवडते. लुडोत दुसऱ्याची सोंगटी मारावी लागते आणि मग घरात रडारड होते. इथे तुमचे रान तुमचेच राहते. हरले तरी समोर पक्ष्यांनी भरलेला पट असतो. दहाबारा वर्षांचा नातू आणि सत्तरीची आजी एका पटावर बसू शकतात.

पुरावा काय सांगतो?

२००३ मध्ये न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. २०१३ मध्ये फ्रान्समधील ३६७५ ज्येष्ठांचा, २० वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास आला. त्यात पटावरचे खेळ खेळणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका १५ टक्क्यांनी कमी दिसला.

हे वाचून लगेच दुकान गाठू नका. ज्यांचा मेंदू आधीच तल्लख आणि मन प्रसन्न आहे, तेच जास्त खेळत असतील, ही शक्यता उरते. त्याच फ्रेंच अभ्यासात सुरुवातीची बौद्धिक क्षमता आणि नैराश्य हिशेबात धरल्यावर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. मात्र खेळणाऱ्यांची बौद्धिक घसरण कमी होती आणि त्यांना नैराश्यही कमी आले. म्हणून "हा खेळ स्मृतिभ्रंश टाळतो" असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. मीही तसे म्हणत नाही.

मग मी खेळा असे का म्हणतो? कारण एकटेपणा. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे यांबरोबर सामाजिक एकटेपणाही आहे. रक्तदाबावर माझ्याकडे गोळी आहे. एकटेपणावर नाही. त्यावर घरातल्यांनी दिलेला तासभर वेळ लागतो, आणि पट हे त्यासाठी चांगले निमित्त आहे. "आजोबांशी गप्पा मार" असे सांगितल्यावर नातू दोन मिनिटांत उठतो. पट मांडला की तो तासभर बसतो, आणि गप्पा आपोआप होतात.

एकटे असाल तर?

मुले परदेशी, जोडीदार गेलेला, अशी घरे आता कमी नाहीत. विंगस्पॅन एकट्यानेही खेळता येतो. 'ऑटोमा' नावाच्या पत्त्यांचा संच प्रतिस्पर्ध्याच्या चाली ठरवतो. जागरण करून मालिका पाहण्यापेक्षा हे नक्कीच बरे. पण एकट्याचा खेळ मेंदूला काम देतो, माणूस देत नाही. आठवड्यातून एकदा तरी शेजाऱ्याला चहाला बोलवा आणि पट मांडा.

खेळताना हे सांभाळा

- चार फेऱ्या आहेत, त्याचा फायदा घ्या. प्रत्येक फेरीनंतर उठा, दोन मिनिटे घरातच चाला. मधुमेह आणि गुडघेदुखी असणाऱ्यांनी तर नक्कीच.
- चिवड्याचे ताट पटाशेजारी ठेवू नका. खेळाच्या नादात किती खाल्ले ते कळत नाही.
- पत्त्यांवरची अक्षरे बारीक आहेत. चष्मा लावा, उजेड भरपूर ठेवा. तरीही दिसत नसेल तर मोतीबिंदू तपासून घ्या.
- पटावरची अंडी गोळीएवढी असतात. लहान बाळाच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकू शकतात.
- आजोबा नियम विसरले तर "एवढेही लक्षात राहत नाही?" असे म्हणू नका. असे दोनदा ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा पटाशी बसत नाही.

नवा, गुंतागुंतीचा खेळ शिकायला वेळ लागणे हा आजार नाही. परंतु वर्षानुवर्षे रमी किंवा बदाम सात सफाईने खेळणारी व्यक्ती अचानक गोंधळू लागली, पाळी कोणाची हे वारंवार विचारू लागली किंवा आवडता खेळ टाळू लागली, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. कदाचित ऐकू कमी येत असेल, कदाचित मन उदास असेल, कदाचित स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल. या तिन्ही बाबतीत लवकर तपासणी झाली तर करण्यासारखे बरेच असते. हे बदल दवाखान्यातल्या दहा मिनिटांत मला दिसत नाहीत, पण पटाशी बसणाऱ्या घरच्यांना दिसतात.

विंगस्पॅनच हवा का?

मुळीच नाही. हा खेळ महाग आहे आणि त्यातली भाषा इंग्रजी आहे. कपाटावर पडलेला कॅरम, बुद्धिबळ, सोंगट्या, पत्त्यांचा साधा जोड, काहीही चालेल. पक्ष्यांच्या खेळाचा जादा फायदा एवढाच, की पत्त्यावरचा पक्षी पाहिल्यावर खिडकीबाहेरचा पक्षी ओळखावासा वाटतो. नातवाला घेऊन सकाळी पक्षी बघायला बाहेर पडलात, तर तुमचे रोजचे चालणेही होईल.

रक्तदाबाची गोळी, चालणे आणि झोप यांना खेळ हा पर्याय नाही. त्या गोष्टी चालू ठेवा आणि त्यांच्या जोडीला आठवड्यातला एक तास बाजूला काढा. या रविवारी टीव्ही बंद करून घरातल्या सर्वांना हाक मारा. खर्च नाही, दुष्परिणाम नाहीत, आणि त्यासाठी माझ्या चिठ्ठीचीही गरज नाही.