बायपासने वगळलेली चितारआळी

मुंबईहून गोव्याकडे निघालेली गाडी झारापला पोचली की पुढे सावंतवाडी लागतच नाही. चौपदरी रस्ता झारापपासून पत्रादेवीपर्यंत शहर बाहेरच्या बाहेर टाळतो आणि बघता बघता गोव्याची हद्द येते. जुना महामार्ग थेट गावातून जायचा. गाडी थांबायची, चहा व्हायचा आणि गोवा बघून परतणारे कुटुंब जाता जाता चितारआळीत, म्हणजे खेळणी बनवणाऱ्या कारागिरांच्या आळीत, डोकावून लाकडी बैलगाडी, भोवरे, नाहीतर हुबेहूब आंबा-केळ्यांची परडी विकत घ्यायचे. ठरवून केलेली खरेदी ती नव्हेच. रस्ता तिथून जातो, म्हणून झालेली. छोट्या गावातला अर्धा व्यापार असाच चालतो.

सावंतवाडीला वगळण्याची ही दुसरी वेळ. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा स्टेशनला नाव मिळाले सावंतवाडी रोड, पण स्टेशन झाले मळगावला, शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, मोपाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. दोन्ही तसे जवळच, पण तिथे उतरणारा पाहुणा समुद्राकडे वळतो. २०११ च्या जनगणनेत २४ हजारांच्या आसपास लोकसंख्या असलेले, समुद्र नसलेले हे गाव त्याच्या वाटेत येत नाही.

तरीही बायपासला नुसती नावे ठेवून चालणार नाही. याच महामार्गावरच्या कणकवलीत रस्ता गावातूनच न्यायचा ठरला. चौपदरीकरणात दुतर्फा दुकाने आणि घरे पाडली गेली, बाजारपेठेच्या डोक्यावरून उड्डाणपूल गेला. म्हणजे कणकवलीने गाड्या राखल्या आणि पेठेचा दर्शनी भाग गमावला. सावंतवाडीने आळ्या राखल्या आणि गाड्या गमावल्या. यातला कुठला सौदा बरा, असे विचारले तर सावंतवाडीचाच. गेलेले गिऱ्हाईक प्रयत्नाने परत आणता येते, पाडलेली पेठ नाही. फक्त तो प्रयत्न कुणीतरी करायला हवा. आजवर जे झाले त्यात बराचसा भाग रंगरंगोटी, दिवे आणि तलावाकाठच्या सेल्फी पॉइंटचा आहे.

सावंतवाडीची खरी शिकवण राजवाड्यातच आहे. जांभ्या दगडाचा हा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यासमोरचा मोती तलाव १८७४ चा. संस्थाने विलीन झाली तेव्हा महाराष्ट्रभरच्या राजवाड्यांपुढे एकच प्रश्न उभा होता : एवढ्या मोठ्या वास्तूचे करायचे काय? काहींची सरकारी कचेरी झाली, काहींचे कॉलेज, काही वारसांच्या वादात कुलूपबंद राहिले. सावंतवाडीत शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वेगळाच मार्ग काढला. दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले. सावंतवाडी लॅकरवेअर्स या नावाने तिथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगू लागली, लाखकामाच्या वस्तू होऊ लागल्या. ज्या दालनात मुजरे झडत, तिथे माणसे मांडी घालून तासन् तास ब्रश चालवू लागली. आलेला पाहुणा काम बघतो, तिथेच वस्तू घेतो आणि वास्तूच्या देखभालीला हातभार लागतो. 'अडॅप्टिव्ह रियूज', म्हणजे जुन्या वास्तूला नवा वापर, हा शब्द आपल्याकडच्या आराखड्यांत शिरण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

त्या काळी गंजिफा जवळजवळ संपली होती. चितारी समाजातल्या एका वृद्ध कारागिराच्या हातात तेवढी ती उरली होती. राजा-राणीने त्याच्याकडून ती शिकून घेतली आणि मग इतरांना शिकवली. ही नुसती हौस नव्हती, हे गंजिफेची घडण पाहिली की कळते. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते : दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. सगळे गोल. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ लावून, थरावर थर चढवून, घोटून चकती तयार व्हायची. मग रंग, मग पाठीवर लाखेचा लेप. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. मुघलांकडे ९६ पत्त्यांची गंजिफा होती. इकडे दक्षिणेत तिला दशावतार जडले. छापील पत्ते आल्यावर हाताने रंगवलेल्या १२० चकत्यांचे काय होणार हे उघड होते. आज हा संच खेळायला फारसा कुणी घेत नाही. भेट म्हणून, संग्रहासाठी घेतात, आणि त्याची किंमतही तशीच असते. राजघराण्याच्या पुढच्या पिढीने राजवाड्याच्या आवारात छोटेखानी हॉटेल सुरू केले आहे आणि त्याच्या सजावटीतही गंजिफाच आहे.

इथे थोडे थांबून बघायला हवे. राजवाडा टिकला याचे कौतुक सगळेच करतात. पण राजवाड्यामागे एक घराणे होते, मालकी एकहाती होती, ओळखीपाळखी होत्या, परदेशी पाहुणे होते. चितारआळीतल्या दुकानदाराकडे यातले काय आहे? त्याचे घर म्हणजेच त्याचे दुकान आणि मागची पडवी म्हणजे कारखाना. वर कौले, खाली लाकडी फळ्यांची दारे, पुढ्यात टांगलेली खेळणी. कौले शाकारायला माणूस मिळत नाही, वासे वाळवीने खाल्ले की दुरुस्तीचा आकडा स्लॅबच्या घराजवळ जातो, आणि घरावर नावे असतात सहा. त्यातली चार मुंबईत. कोकणातली जुनी घरे बहुतेक वेळा वादळाने पडत नाहीत, सामायिक मालकीने पडतात. अशा माणसाला 'वारसा जपा' म्हणणे सोपे आहे.

मोठ्या शहरांत वारसा इमारतीच्या मालकाला चटईक्षेत्राचा हक्क दुसरीकडे विकता येतो. मुंबईत त्या हक्काला बाजार आहे. सावंतवाडीत असा हक्क दिलाच तर तो विकत कोण घेणार? इथे जागेची टंचाई नाही, टंचाई आहे ती घर चालवण्याइतक्या उत्पन्नाची. म्हणून छोट्या गावातली जुनी वास्तू वाचवण्याचा कायदा शोधण्याआधी तिच्यातला धंदा वाचवावा लागतो. धंदा चालला तर मालक कौले स्वतःच बदलतो. बसला, की फलक लावून, यादीत नाव घालून किंवा भिंतीला एकच रंग देऊन काही होत नाही. नगरपरिषदेने सुशोभीकरणाचा पुढचा रुपया तलावाकाठी खर्च करण्याआधी चितारआळीत खर्च करावा, आणि तोही रंगावर नव्हे.

मग कशावर? सुरुवात लाकडापासून करावी लागेल. सावंतवाडीची खेळणी पारंपरिकरीत्या पांगाऱ्याची. हलके, मऊ, कोरायला सोपे, रंग धरणारे लाकूड. लालभडक फुलांचा हा पांगारा कोकणात कुंपणाला लावत, मिरीचा वेल चढवायला लावत. कुंपणे चिऱ्याची आणि तारेची झाली, बागांची जागा काजू आणि रबराने घेतली, तसा पांगारा दुर्मिळ होत गेला. कारागीर आंब्याकडे आणि मिळेल त्या लाकडाकडे वळले. खेळण्याचे वजन बदलले, कोरण्याचे कष्ट वाढले. पांगारा फांदी रोवली तरी जगतो, त्यासाठी संशोधन केंद्र लागत नाही. ग्रामपंचायतींच्या पडीक जमिनींवर आणि रस्त्यांच्या कडेला तो लावून कारागिरांना रास्त दराने तोड मिळण्याची सोय करणे ही वनीकरणाच्या नेहमीच्या कामात बसणारी गोष्ट आहे. वृक्षारोपणाच्या मोहिमा दरवर्षी होतातच. त्यात या एका झाडाला जागा मिळावी, एवढेच.

दुसरी गोष्ट कागदाची. सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी वस्तू या दोहोंना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेढे वाटले गेले, बातम्या आल्या. पण मानांकन वस्तूला मिळते. त्याचा फायदा घ्यायचा तर प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. हे नुसते शिक्क्यापुरते नाही. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांना बी.आय.एस.ची गुणवत्ता अट लागू झाली. चाचण्या, परवाना, प्रयोगशाळा हे सगळे एका खोलीत काम करणाऱ्याला परवडण्यासारखे नाही. म्हणूनच त्या आदेशात सूट ठेवली गेली : हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते यांना ही अट नाही. म्हणजे ज्याच्याकडे हा कागद आहे त्याचा माल कायद्याने सुरक्षित, ज्याच्याकडे नाही तो लाकडाचा आंबा विकूनही अडचणीत येऊ शकतो. आयात खेळण्यांवरचे शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. स्वस्त चिनी खेळण्यांपुढची भिंत सरकारने उभी केली आहे. तिच्या आत उभे राहण्याचा परवाना कारागिराच्या दारात पोचवायला मात्र एका टेबलाची, एका लॅपटॉपची आणि फॉर्म भरून देणाऱ्या एका माणसाची गरज आहे. चितारआळीतच दोन दिवसांचे शिबिर भरवले तर भागेल.

मानांकनाने आपोआप काही होत नाही, याचे उदाहरण कर्नाटकात आहे. चन्नपट्टणची लाखेची खेळणी आपल्यापेक्षा कितीतरी आधी मानांकित झाली आणि जगभर गेली. पण तिथली किरकोळ विक्री बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच्या दुकानांवर उभी होती. मार्च २०२३ मध्ये द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले, नवा रस्ता गावाला टाळून गेला आणि खेळणीवाल्यांचे गिऱ्हाईक आटले. शेजारच्या मद्दूरच्या वड्यावाल्यांचीही तीच तक्रार. चन्नपट्टणकडे निदान बेंगळुरूसारखे महानगर तासाभरावर आहे. सावंतवाडीला तो आधार नाही. म्हणून झाराप आणि पत्रादेवी या दोन्ही टोकांना, गाडी वळवण्याचा निर्णय घेता येईल इतक्या आधी, चितारआळीचा मोठा फलक हवा. आत वळलेल्या गाडीला उभे राहायला जागा हवी आणि बाईमाणसाला वापरता येईल असे स्वच्छतागृह हवे. 'पर्यटन विकास' या भारदस्त शब्दाचा छोट्या गावातला अर्थ पुष्कळदा स्वच्छतागृहापाशीच येऊन थांबतो.

'हे सगळे राजवाड्यामुळे शक्य होते, आमच्या गावात राजवाडा नाही,' असे कुणी म्हणेल. त्याने सावंतवाडीपासून फार लांब नसलेल्या कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीला जाऊन यावे. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची ठाकर समाजाची परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठा कुठल्याही वारसा यादीत नव्हता. आत खेळ चालतो, लोक येतात, म्हणून तो आज लक्षात राहणारी वास्तू झाला.

राहता राहिले गिऱ्हाईक. फक्त पर्यटकावर विसंबून राहिलेला धंदा पावसाळ्याचे चार महिने उपाशी राहतो. आळीला बारमाही मागणी हवी आणि ती देऊ शकणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जिल्ह्यातच आहे : खुद्द सरकार. अंगणवाड्यांना आणि बालवाड्यांना खेळणी लागतात. मोजायला मणी, ओळखायला फळे-भाज्या, ओढायला गाडी. चितारआळी नेमके हेच पिढ्यान् पिढ्या बनवत आली आहे. जिल्हा परिषदेच्या खरेदीत मानांकित स्थानिक कारागिरांसाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवला, आणि पैसे बिल टाकल्यापासून महिन्याभरात मिळतील याची हमी दिली, तर पावसाळ्यातही लेथ फिरत राहतील. दोन्ही अटी एकत्रच हव्यात. वर्षभर थकलेले सरकारी बिल छोट्या कारागिराला प्लास्टिकच्या खेळण्यापेक्षा लवकर बुडवते.