झाडाला तीन उन्हाळे द्या

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाचे झेंडावंदन होते आणि बरोबर आठवड्याने, २४ तारखेला, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस साजरा होतो. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठच या संग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे, त्याची स्थापनाही १७ सप्टेंबर १९९४ची. याच वयाची मुले १९४७-४८ मध्ये शिक्षण सोडून निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरली होती. निजामाचे अबकारी उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडणे हा त्या लढ्यातला एक कार्यक्रम होता. ते सरकार परके होते, म्हणून कुऱ्हाड चालली. आज सरकार आपले आहे, जमीनही आपली आहे. तरी त्या जमिनीवर लावलेले रोप जगवणे आपल्याला जड जाते.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करायचे, हा तिचा साचा. काही कामे या साच्यात चपखल बसतात. पावसाळा सरता सरता ओढ्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घालता येतो, शोषखड्डे घेता येतात, कंधार, उदगीर, औशाच्या किल्ल्यांतली झुडपे काढता येतात. झाडाचे मात्र तसे नाही.

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले ते लातूर शहर याच जिल्ह्यातले. नांदेडकडे किनवट-माहूरचे सागाचे जंगल आहे, पण बाकीच्या तालुक्यांत हिरवे म्हणावे असे फार थोडे. अशा भागात गायरान, तलावाची पाळ, रस्त्याची कड, वनखात्याचे उघडे माळ हीच काय ती सर्वांची जमीन. तिथे जुलैत खड्डा घेऊन रोप लावणे हे कामाचे जेमतेम पहिले पाऊल. पुढे आळे करायचे, तण काढायचे, गुरे जाऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण घालायचे. थंडी सरली की वाळल्या गवताला आग लागण्याआधी जाळरेषा काढायच्या. एप्रिल-मेमध्ये पाणी द्यायचे. नेमक्या त्याच दिवसांत विद्यार्थी परीक्षेत असतो, नाहीतर सुट्टीत गावी किंवा पुण्याला कामाला गेलेला असतो. रोपाला त्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच हजेरीवही मिटलेली असते.

यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांच्याकडून आकडाच मागतो. १ जुलै २०१६ला राज्याने एका दिवसात दोन कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले, २०१९ पर्यंत वर्षाचे उद्दिष्ट ३३ कोटींवर गेले. पुढे त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. याउलट लातूर शहरात ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ची माणसे नेमाने झाडे लावतात आणि त्यांना पाणीही घालतात. फरक उत्साहाचा नाही, सातत्याचा आहे.

सातत्य विकत घ्यावे लागते, हे अमेरिकेने मंदीच्या काळात ओळखले होते. १९३३ ते १९४२ दरम्यान तिथल्या सरकारने सुमारे ३० लाख बेकार तरुणांना सरकारी जंगलांत आणि उद्यानांत कामाला लावले. त्यांनी सुमारे ३०० कोटी झाडे लावली. महिन्याला ३० डॉलर मिळत, त्यातले २५ घरी पाठवावे लागत. मुक्काम निदान सहा महिन्यांचा. आपल्यालाही हे नवे नाही. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनीच महाराष्ट्र तगला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. राबणाऱ्याला दाम देण्याचे तत्त्व या राज्याने देशाला शिकवले. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र आपण सेवा आणि मानधन यांत उगाच भांडण लावतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला उन्हाळ्याचे दोन महिने फुकट राबा म्हणणे त्याला परवडणारे नाही.

एक भान मात्र हवे. गायरान कागदावर सरकारचे असले तरी तिथे कुणाच्या शेळ्या चरतात, कुणाची ज्वारी पिकते. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, ते पडीक सरकारी जमिनींसाठीच. झाडांच्या नावाखाली अशा कुटुंबाला उठवले, तर लागवडीची राखण करायला गाव कधीच उभे राहणार नाही. म्हणून रोपवाटिकेआधी ग्रामसभा.

विद्यापीठ, वनविभाग आणि जिल्हा परिषद यांनी एकत्र बसून एवढे ठरवावे: प्रत्येक महाविद्यालयाला ग्रामसभेच्या संमतीने जमिनीचा एकच तुकडा तीन वर्षांसाठी द्यावा, सेवेचे निम्मे तास मार्च ते जूनमध्ये मोजावेत, उन्हाळी कामाला मानधन द्यावे, त्यात गावातल्या शिक्षण सुटलेल्या मुलामुलींनाही घ्यावे, आणि वार्षिक अहवालात लावलेल्या रोपांपुढे तिसऱ्या वर्षी जगलेल्या रोपांचा आकडा सक्तीचा करावा. पथकाची शाबासकी आणि पुढचा निधी त्या दुसऱ्या आकड्यावरच ठरावा.