धरणाचा आकडा आणि वस्तीचा नळ

पेण तालुक्यातील बाळगंगा धरणाची कथा प्रत्येक करदात्याने ध्यानात ठेवावी. नवी मुंबईस पाणी पुरविण्यासाठी २००९ साली या कामाचा ठेका देण्यात आला. पाणी शहराचे; बुडावयाची ती घरे व शेते मात्र पेणच्या शेतकऱ्यांची व आदिवासींची. पुढे खर्चाचा अंदाज फार वाढला आणि २०१५ साली लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अधिकारी व ठेकेदार यांच्यावर गुन्हा नोंदविला. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे आम्ही कायद्याचे अभ्यासक या नात्याने जाणतो. परंतु धरण मुदतीत उभे राहिले नाही, हे कोणास नाकारता येईल काय?

सरकारने पैसा ओतला की विकास झाला, हा भ्रम होय. लाचेने प्रथम सिमेंट घटते, मग कामाची निवडच बिघडते. जेथे टक्केवारी मोठी तेथे नवे काम निघते. जुन्या मोरीच्या दुरुस्तीस कोणी वाली उरत नाही. ज्याच्या दारी विहीर व मोटार आहे तो कसाबसा निभावतो. रोह्याच्या भूमिहीन मजुराला मात्र सरकारी नळ, रस्ता व शाळा यांवाचून दुसरा आधार नाही. म्हणून भ्रष्टाचार ही केवळ चोरी नव्हे. ती विषमतेची पाठराखण आहे.

याच जिल्ह्यात महाड येथे १९२७ साली बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरील आपला हक्क बजावला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेस चालना दिली. पाणी व वीज ही त्यांच्या लेखी दरिद्री माणसाच्या उद्धाराची साधने होती.

आता थोडे आत्मपरीक्षण. ठेकेदार आपल्यातला आहे म्हणून वस्तीतील समाजमंदिराच्या गळक्या छपराविषयी आपण मौन पाळतो. मग पंचशीलातील दुसरे शील आपण कोणत्या तोंडाने उच्चारतो? न दिलेले न घेणे एवढ्यानेच ते पूर्ण होत नाही; घेणाऱ्यास पाठीशी घालणे हाही त्याचा भंगच होय.

बांधवांनो, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कामाची पाहणी करण्याचा व वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार तुम्हास दिला आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयास बंधनकारक आहे. प्रत्येक वस्तीने यंदा निदान एका कामाचे अंदाजपत्रक मागवावे आणि विहारात सर्वांसमोर वाचावे. चवदार तळ्यावर हक्क मिळविला. आता त्या हक्काचा हिशेब मागणे हे आपले कर्तव्य आहे.