पिंपावरची चिठ्ठी

रोह्याला लागून असलेल्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून रसायनाचे पिंप बाहेर पडते तेव्हा त्याच्या अंगावर चिठ्ठी असते. आत काय आहे, कोणत्या बॅचचे, केव्हा तयार झाले, हाताला लागले तर काय करावे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी तर उत्पादकाला त्या द्रव्याचे माहितीपत्रकही तयार ठेवायला लावले आहे. मराठी पुस्तकाबाबत मात्र आत काय आहे हे खुद्द ते काढणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते.

ही तुलना आमची नाही. धाटावला राहणाऱ्या, वडील त्याच वसाहतीत कामाला असणाऱ्या एका विद्यार्थिनीची ती आहे. तिला दिसत नाही. रोह्याच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन बी.ए. झाल्यावर ती बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून एम.ए.ला बसली आणि पनवेल ते रोहा या पट्ट्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हा चौघांशी तिचा संबंध आला. संगणक ती आमच्यापेक्षा सफाईने वापरते. एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली लिहायला घेतलेली एन.व्ही.डी.ए. ही विनामूल्य प्रणाली तिला पडद्यावरचा मराठी मजकूर वाचून दाखवते. आवाज रुक्ष, यांत्रिक. पण ऱ्हस्वदीर्घ तपासायचे तर एकेक अक्षर सुटे करूनही सांगतो.

अभ्यासाला एक समीक्षाग्रंथ होता, २००४ साली छापलेला. आम्ही प्रकाशकांना पत्र धाडले. दोन महिने गेले, तीन फोन झाले, आणि एक पीडीएफ आली. तिने ती उघडली तेव्हा यंत्र म्हणू लागले: एफ, अपॉस्ट्रॉफी, डब्ल्यू, डॉलर. दोनशेहून अधिक पाने तसेच. डोळ्यांना मात्र प्रत्येक पान सुरेख मराठी दिसत होते.

असे का होते ते आपल्यापैकी अनेकांना माहीत नसावे, निदान आम्हाला नव्हते. खिळे वितळवून मुद्रणालये संगणकाकडे वळली तेव्हा मांडणीच्या प्रणाली रोमन लिपीपलीकडे फारसे काही जाणत नव्हत्या. म्हणून टंक बनवणाऱ्यांनी युक्ती काढली: रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा एक तुकडा बसवायचा. काना एका जागी, अर्धा क दुसऱ्या, रफार तिसऱ्या. कागदावर ‘कर्तव्य’ उमटते. संगणकाच्या लेखी तेथे चारदोन रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे असतात. श्रीलिपीची मांडणी एक, आकृतीची दुसरी, सी-डॅकच्या टंकांची तिसरी. थोडक्यात, गेल्या तीसपस्तीस वर्षांतल्या मराठी ग्रंथांचा मोठा भाग मजकूर म्हणून अस्तित्वातच नाही. तो मजकुराचे चित्र म्हणून आहे.

त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. र. कृ. जोशींनी रेखाटलेला ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर आला. आपल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. २०१२ च्या सुमारास पानांची व्यावसायिक जुळणी करणाऱ्या प्रणालीही देवनागरी युनिकोड नीट हाताळू लागल्या. सबब संपून दशक उलटून गेले, तरी कित्येक ठिकाणी जुळारी जुन्या टंकातच बसतो. बोटांना सवय तीच, वळण तेच देखणे. (अक्षर कसे दिसते याची चिंता आपल्या मुद्रणपरंपरेने पुष्कळ केली. निर्णयसागरचा टाइप देशभर वाखाणला गेला. पण अक्षर म्हणजे त्याचे दिसणे, एवढ्यावरच आम्ही थांबलो.)

आता तक्रारीचा गाभा. त्या ग्रंथाची मूळ फाइल तरी द्या, आम्ही परिवर्तकातून काढून दुरुस्त करू, असे आम्ही प्रकाशकांना कळवले. उत्तर आले की फाइल जुळणी करणाऱ्याकडे असायची. त्याने दुकान बंद केले. एक सीडी होती, ती आता वाचता येत नाही. ज्या संस्थेने ग्रंथ काढला, पुरस्कारासाठी पाठवला, ज्याच्या पहिल्या पानावर सर्व हक्क राखून ठेवले, तिच्याजवळ त्या ग्रंथाचा मजकूर नाही. हक्क आहेत, वस्तू नाही! अंध वाचकाची गैरसोय हा या दुरवस्थेचा केवळ पहिला, ऐकू येणारा पुरावा आहे. त्याच ग्रंथात एखादी संज्ञा किती वेळा आणि कोठे येते हे डोळस संशोधकालाही शोधता येत नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो आणि २००४ चे पुस्तक शोधता येत नाही, यातली लाज आम्हाला शिकागोपुढे वाटत नाही, मोल्सवर्थपुढे वाटते.

यावर दिली जाणारी उत्तरे ठरलेली आहेत. पहिले चोरीचे: मजकूर बाहेर गेला की पुस्तक बुडाले. वास्तविक चोरीला युनिकोड लागत नाही. मोबाइलवर पाने टिपून केलेल्या पीडीएफ गावोगाव फिरत आहेतच, आणि चोराला चित्र पुरते. चित्र पुरत नाही ते फक्त अंध वाचकाला. म्हणजे या बंदोबस्ताने एकच माणूस बाहेर राहतो, तोही पैसे मोजून पुस्तक मागणारा.

दुसरे उत्तर बोलक्या पुस्तकांचे. स्टोरीटेल २०१७ साली मराठी घेऊन आले आणि त्यामुळे कथाकादंबऱ्या ऐकणाऱ्यांची सोय झाली, याचा आनंदच आहे. पण समीक्षाग्रंथ कोण ध्वनिमुद्रित करणार? आणि केला तरी परीक्षेत उतारा देताना पृष्ठक्रमांक कोठला, कवीने ओळ कोठे तोडली, संज्ञेचे लेखन कसे, हे आवाजातून कसे कळावे? साहित्याच्या विद्यार्थ्याला मजकूर लागतो. डोळस विद्यार्थ्याला आम्ही ‘ऐकून घे’ असे कधी सांगत नाही.

तिसरे उत्तर बाजाराचे: असे वाचक किती? २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. त्यातले मराठी वाचणारे किती, हा हिशेब प्रकाशकांनी खुशाल करावा. मात्र पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या व्यवसायाने कोणत्याही वाचकवर्गाला ‘थोडा’ म्हणावे, हे धाडसाचे आहे.

कायदा तर केव्हाच पुढे निघून गेला. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात भर पडली आणि अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रत तयार करायला परवानगीची गरज उरली नाही. मराकेश कराराचे अनुसमर्थन करणारा पहिला देश भारत, जून २०१४ मध्ये. ‘सुगम्य पुस्तकालय’ ऑगस्ट २०१६ मध्ये उघडले. तेव्हा आम्ही कोणाकडे परवानगी मागत नाही आहोत. ती आमच्या खिशात आहे. आम्हाला मजकूर हवा आहे, आणि तो देण्याची सक्ती मात्र त्या कलमात नाही.

आता दूषण स्वतःला. क्रमिक पुस्तके नेमणाऱ्या समित्यांवर आपल्यातलेच लोक बसतात. पुस्तक उपलब्ध आहे का, किंमत किती, हे विचारले जाते. त्याचा मजकूर युनिकोडमध्ये आहे का, हे विचारलेले आम्ही एकाही बैठकीत ऐकले नाही, आणि आमच्यापैकी दोघे अशा बैठकांना बसलेले आहेत. नेमणूक म्हणजे प्रकाशकाला हमखास खपाची हमी. त्या बदल्यात एक फाइल मागणे जड नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाषेला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आम्हीही होतो. दोन हजार वर्षांचा वारसा सिद्ध करून झाला. वीस वर्षांपूर्वीची सीडी उघडेना.

त्या ग्रंथाचे पुढे काय झाले ते सांगून टाकू. पाने टिपून यंत्राकडून अक्षरे ओळखून घेतली. आता हे काम बरेच बरे होते. पण ध आणि घ, भ आणि म यांत यंत्र अजून चकते, आणि तळटिपा मजकुरात घुसतात. चौघांनी पाने वाटून घेऊन दुरुस्त्या केल्या, मग विद्यार्थिनीने सारे ऐकून आमच्या एकशे चाळीस चुका काढल्या. काही मूळ छापील प्रतीतल्याच निघाल्या. एका ठिकाणी अख्खी ओळ दोनदा छापली होती आणि वीस वर्षांत कोणा डोळस वाचकाने तसे कळवलेले दिसत नाही.

तयार झालेला मजकूर आम्ही प्रकाशकांना विनामूल्य देऊ केला, चुकांच्या यादीसह. पोच आली नाही. गेल्या महिन्यात त्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. जुन्याच पानांची छायाचित्रे घेऊन ती छापली आहे. दोनदा छापलेली ओळ जागच्या जागी आहे.